‘तुनं पानी तुना वावरमा ठेव’

पारोळा तालुक्यातल्या एका शेतकरी बांधवाचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

साडेतीन एकर काळी जमीन, सगळी कपाशी. खालच्या अंगाला चुलत घराण्यातल्या जिभाऊंचं वावर. दोघांच्या मधून आज्यांच्या काळापासून एक चर आहे, दोन्ही वावरांचं पाणी त्यातून नाल्याला जायचं. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठ दिवस आधी जिभाऊंनी रानडुकरांसाठी तारेचं कुंपण घातलं. सिमेंटचे खांब थेट चरातच रोवले, चर मातीने बुजवला, आणि पत्रलेखकाच्या म्हणण्याप्रमाणे ते तीन फूट आतही आले. जूनअखेरच्या पावसात अर्धा एकर कपाशीत पाच दिवस पाणी तुंबलं. बोलायला गेले तर जिभाऊ म्हणाले, ‘तुनं पानी तुना वावरमा ठेव.’ तुझं पाणी तुझ्या वावरात ठेव. पुन्हा कुणी तारेला हात लावला तर करंट सोडीन, असंही म्हणाले. कानबाईचे रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, भाऊबंदांनी एकत्र करायचा असतो; यंदा दोन घरांनी वेगवेगळे केले. मुलगा तार तोडायला निघालाय, वकील दिवाणी दावा टाका म्हणतोय. ‘आता मी काय करू?’

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूने आणि एकदा जिभाऊंच्या. दुसऱ्या वाचनात एक वाक्य खटकलं, त्याच्याकडे पुढे येतो.

आधी मुलाच्या हातातली पकड काढून घ्या. आजच्या घडीला कागदावर तुमची बाजू स्वच्छ आहे. चर त्यांनी बुजवला, पिकाचं नुकसान तुमचं झालं. तार तुटली की त्या रात्रीपासून नुकसान त्यांचं आणि गुन्हा तुमच्या पोराच्या नावावर. मग तुंबलेल्या पाण्याचं कुणी नाव काढणार नाही, पोलीस ठाण्यात फक्त तारेचे तुकडे मोजले जातील. चोविसाव्या वर्षी डोकं तापतं हे मला कळतं. पण त्याला मोबाइल घेऊन बांधावर उभं करा. पाऊस पडत असताना पाणी कुठून येतं, कुठे अडतं, किती वेळ थांबतं, याचा व्हिडिओ काढू द्या. खांब, बुजलेला चर आणि तुमची कपाशी एकाच चौकटीत दिसली पाहिजे. तारखेसकट. त्याच्या रागाचा तेवढाच उपयोग आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोन भांडणं एका दाव्याला बांधलीत, म्हणून दोन्ही हलत नाहीयेत. एक भांडण पाण्याचं, दुसरं हद्दीचं. वकिलाच्या दाव्यातही ती एकत्रच जातील आणि तारखांवर तारखा पडतील. पाण्याच्या भांडणाला घाई आहे, हद्दीच्या भांडणाला नाही. जमीन काही पळून जात नाही.

हद्दीचा हिशोब एकदा करूनच टाकू. तुम्ही लिहिलंय की सामाईक बांध साडेतीनशे फूट. तीन फूट रुंदी धरली तर १,०५० चौरस फूट झाले. गुंठा असतो १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे तुमचं सगळं म्हणणं खरं मानलं तरी भांडण पुरत्या एका गुंठ्याचंही नाही. एकरी आठ क्विंटल कापूस धरा, त्या पट्ट्यात वीस किलो येईल. तो सोडून द्या असं मी म्हणत नाही, आपली एक वीतही का सोडावी? पण पाणी तुंबून गेलाय अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे. कोणत्या भांडणाला आधी हात घालायचा हे इथेच ठरतं.

आणि पाण्याच्या भांडणासाठी दिवाणी कोर्टाचीच पायरी चढायला हवी असं नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा जुना कायदा अजून लागू आहे. मामलेदार म्हणजे आजचे तहसीलदार. शेतजमिनीवर पडणारं किंवा उगवणारं पाणी नैसर्गिकपणे शेजारच्या जमिनीकडे वाहत असेल आणि कुणी बेकायदा अडथळा घालून ते अडवलं, त्याने पिकाचं नुकसान झालं किंवा होण्याची शक्यता असली, तर तो अडथळा काढायला लावण्याचा अधिकार कलम ५ ने तहसीलदारांना दिलाय. तुमचं प्रकरण या कलमात चपखल बसतं. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याचंही तत्त्व तेच आहे: वरच्या जमिनीचं नैसर्गिक पाणी खालच्याने येऊ द्यायचं असतं. ‘तुनं पानी तुना वावरमा ठेव’ हे ऐकायला झणझणीत आहे, पण कायद्यात बसत नाही.

फक्त मुदत सहा महिन्यांची आहे. कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज आला नाही तर तहसीलदार तो घेत नाहीत. चर बुजला आखाजीच्या आठ दिवस आधी. नुकसान जूनमध्ये झालं, तिथून मोजा, असं कुणी सांगेल. त्या वादात पडूच नका, आधीची तारीख धरा. त्या तारखेने दिवाळीचे फटाके वाजायच्या सुमाराला मुदत संपते. म्हणून बोलणी करायची ती आत्ता, आणि नवरात्र बसेपर्यंत जमलं नाही तर अर्ज टाकायचा. अर्जात दोन्ही गट नंबर, सातबारा, हाताने काढलेला नकाशा, चर कुठून कुठे जात होता, कधी बुजला, कपाशी किती बुडाली, एवढंच लिहा. फोटो जोडा. तीन फुटांचा त्यात शब्दही नको. तो घातलात की समोरचा ‘हा हद्दीचा वाद आहे’ म्हणणार, आणि सरळ चाललेलं काम वाकडं होणार. नोटीस निघेल, जागेची पाहणी होईल, पंचनामा होईल. त्या पंचनाम्याला घरी बसू नका.

आता ते खटकलेलं वाक्य. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात: ‘दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून वावर सपाट केलं आणि सगळं पाणी ईशान्येच्या कोपऱ्यातून काढलं.’

भाऊ, हे वाक्य जिभाऊंनी लिहिलं असतं तर पत्राची सुरुवातच त्याने झाली असती. आधी तुमचं पाणी साडेतीनशे फूट बांधावरून पसरून, झिरपत चरात उतरायचं. आता ते एका तोंडाने येतं. एका एकरावर दोन इंच पाऊस पडला की साधारण दोन लाख लिटर पाणी होतं. साडेतीन एकरांचं सात लाख. त्यातलं बरंच जमिनीत मुरतं हे खरं, पण काळी माती एकदा फुगून बसली की मुरणं मंदावतं आणि वरचं सगळं पळतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सत्तर टँकर होतात. त्यातले तीस जरी एका कोपऱ्यातून तासाभरात सुटले तर खालच्याच्या वावरात काय होईल? तुमच्याच पत्रात आहे की गेल्या वर्षी जिभाऊंच्या मक्यात त्या कोपऱ्याला ‘थोडी घळ पडली होती’. ती थोडी होती की किती, ते त्यांना विचारा. मला वाटतं चर बुजवण्यामागे रानडुकरं निम्मी आणि ही घळ निम्मी आहे.

हे कायद्यातही महत्त्वाचं आहे. खालच्याने सोसायचं ते नैसर्गिक वाहणारं पाणी. तुम्ही गोळा करून, तोंड काढून सोडलेलं पाणी त्याने सोसावं, असं तुम्हाला ठासून म्हणता येणार नाही. तहसीलदारांसमोर जिभाऊंचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. म्हणून त्याच्या आधी तुम्ही ते तोंड मोडा. पुढच्या हंगामात सऱ्या उताराला आडव्या पाडा. कोपऱ्यावर पाणी उतरायला दगडांची सांड बांधा, म्हणजे पाणी पडेल तिथे माती खरवडणार नाही. त्या अंगाला तुमची विहीर असेल तर त्यातलं काही पाणी विहिरीत घेता येईल, पण मध्ये दगड, खडी आणि वाळूचा गाळणखड्डा हवाच, नाहीतर दोन पावसाळ्यांत विहीर गाळाने भराल. मार्चमध्ये आपल्याकडे विहिरी तळ दाखवतात आणि ऑगस्टमध्ये आपण पाणी हाकलायला भांडतो, हे जरा विचित्रच आहे, पण असो.

घरचं एक सांगतो. माझ्या वडिलांचं आणि शेजारच्या बापूंचं दीड फुटाच्या बांधावरून वाजलं होतं. बांधावर एक कडुनिंब होता, तो कुणाच्या हद्दीत यावरून. सात वर्षं तालुक्याच्या कोर्टात चपला झिजल्या. निकाल वडिलांच्या बाजूने लागला. कडुनिंब आमचा झाला. दोन्ही घरांची विहीर सामाईक होती, पण त्या सात वर्षांत पाळीवरून इतकं बिनसलं की बापूंनी वेगळी बोअर मारली, मग आम्हीही मारली, आणि सामाईक विहीर कुणीच उपसेना. आता तिच्यात पिंपळ उगवलाय. कडुनिंब अजून आहे. त्याच्या सावलीत कपाशी येत नाही.

तर जिभाऊंकडे कसं जायचं? तुम्ही एकदा गेलात तेव्हा नुकसान ताजं होतं, आवाज चढलेला असणार. आता तुम्ही एकटे जाऊ नका आणि पुढाऱ्यालाही नेऊ नका. पुढारी आला की समोरच्याला वाटतं आपल्याला नमवायला आणलाय. पत्रात तुम्ही एका म्हाताऱ्या सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा, उल्लेख केलाय, ज्याने आधी तुमच्याकडे सहा आखाज्या, म्हणजे सहा वर्षं, काढली आणि नंतर जिभाऊंकडे. त्याला घेऊन जा. चर कुठून जात होता, किती खोल होता, दरवर्षी कोण उपसायचं, हे त्या माणसाला पाठ असणार, कारण फावडं त्याच्याच हातात होतं. दोन मालकांच्या आठवणींपेक्षा त्याची आठवण जिभाऊ लवकर मान्य करतील. उद्या अर्ज करायची वेळ आली तर साक्षीदारही तोच.

आणि जायचं ते पाऊस चालू असताना, किंवा उघडल्यावर तासाभरात. छत्र्या घेऊन कोपऱ्यावर उभे राहा, पाणी काय करतंय ते दोघांनी बघा. घरात ओट्यावर बसून पाण्यावर बोलायला लागलं की माणसं पाण्याऐवजी एकमेकांच्या बापांवर येतात. तिथे पहिलं वाक्य तुमच्याकडून हे जाऊ द्या: ‘जिभाऊ, कोपऱ्याचं तोंड मी काढलं, ते मी बंद करतो. तुमची घळ मीच भरून देतो.’ घळ भरायला एक-दोन ट्रॉली माती लागेल. तुम्हाला त्यात कमीपणा वाटेल, माहीत आहे मला. तरी म्हणा. कारण त्यानंतरच ‘आता चराचं काय करू या?’ हे विचारता येतं.

कुंपण काढा असं म्हणू नका. रानडुकरांचा त्रास खरा आहे, मक्यात एक रात्र कळप शिरला की सकाळी काय दिसतं ते तुम्हीही बघितलंय. कुंपण राहू दे, पाणी जाऊ दे, एवढंच मागा. त्यांच्या फायद्याचीही एक गोष्ट सांगा: चराच्या तळात काळ्या मातीत रोवलेले खांब टिकत नाहीत. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, आणि खांब एकेक करून कलतो. पहिल्याच पावसाळ्यात दोन-तीन कलले असतील, जाऊन बघा. म्हणजे ते खांब त्यांना तसेही एक दिवस उचलावेच लागणार आहेत.

करायचं ते असं. चर पुन्हा उकरायचा, दीड-दोन फूट खोल. खांब चराच्या काठावर, घट्ट जमिनीत सरकवायचे. नाल्याच्या बाजूला जिथे त्यांचं कुंपण वळतं आणि चराला आडवं जातं, तिथे तारेखालून सिमेंटचा पाइप टाकायचा, पाइपाच्या तोंडाशी छोटा गाळखड्डा, आणि डुकरं आत शिरू नयेत म्हणून तोंडाला लोखंडी जाळी. जाळी लावली की ती साफ करायची पाळीही ठरवा, नाहीतर पाचोळा अडकून महिनाभरात पुन्हा तेच. उतार डोळ्याने ठरवू नका. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते ना, पाणी भरून पातळी बघायची, ती आणा. शंभर फुटाला सहा इंच उतार मिळाला तरी चर आपोआप वाहता राहतो. साडेतीनशे फुटांत पावणेदोन फूट. नाल्याचा तळ तेवढा खाली आहे का, ते आधी बघा.

पाणी येण्याची वाट जेवढी आखायची तेवढीच जाण्याचीही आखायची, हे काही आपल्याकडे नवं नाही. साक्रीच्या अंगाला पांझरा नदीवर फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची रीत, शेकडो वर्षं चालत आली. तिथे बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडमही असतो. कुणाच्या वावरात पाणी कधी सोडायचं ते पाटकरी ठरवतो, मालक नाही. तुमच्या साडेतीनशे फुटांना पाटकरी लागणार नाही, पण उपसायची पाळी कुणाची हा प्रश्न तोच आहे.

जमलं तर त्याच आठवड्यात लिहून काढा. मुद्रांकाच्या कागदावर, दोन पंचांच्या सह्या घेऊन. गावची तंटामुक्त समिती अजून हलतीबोलती असेल तर तिच्यासमोर. २००७ साली ती मोहीम सुरू झाली तेव्हा बांधांचे बरेच वाद असेच चावडीवर मिटले, काही गावांत आता फक्त कमानीवर पाटी उरलीय. चराची रुंदी, खोली, पाइप कुठे, खर्च निम्मा-निम्मा, मृग लागायच्या आधी दरवर्षी उपसायचा, आणि उपसलेली माती कुणाच्या बाजूला टाकायची, हे शेवटचं विसरू नका, त्यावरून नवं भांडण होतं. आणि एक वाक्य मुद्दाम घाला: या चराची जागा म्हणजे हद्द नव्हे, हद्द मोजणीप्रमाणे. हे वाक्य दोघांनाही सुरक्षित ठेवतं. त्यांना वाटणार नाही की चर उकरू दिला म्हणजे जमीन सोडली, आणि तुम्हालाही वाटणार नाही.

मोजणीचं अगदी थोडक्यात. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, ऑनलाइनही होतो. शक्य असेल तर दोघांनी मिळून करा, फी वाटली जाते आणि ‘तुझी मोजणी’ अशी भाषा राहत नाही. प्रत्यक्ष मोजणी कपाशी निघाल्यावर, वावर मोकळं झाल्यावरच बरी. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, त्या दिवशी दोघं हजर राहा, खुणा दाखवतील तिथे लगेच दगड रोवा, आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घेऊन ठेवा. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. आणि तुमचेच तीन फूट पलीकडे निघाले तर खांब हलवायचा खर्च मागू नका, वेळ द्या. उलटंही निघू शकतं, त्याचीही मनाची तयारी ठेवा. जेसीबीने सपाट करताना बांध जागेवर राहिला होता, हे तुम्ही छातीठोक सांगू शकाल का?

करंटचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सौर झटका यंत्र असेल तर तक्रारीचं कारण नाही, त्यात क्षणभराचा झटका बसतो, जनावर मागे फिरतं. फक्त पाटी लावा म्हणा. पण मोटारीच्या पेटीतून थेट तारेत वीज सोडली तर माणूस मरतो, आणि पावसाळ्यात ओल्या बांधावर तो माणूस बहुतेक वेळा घरचाच असतो. तो गुन्हा आहे आणि त्यात जिभाऊ तुरुंगात जातील. धमकी रागाची असेल, तरी सालदाराकडून तेवढा निरोप आधी पोचवा, आणि तारेत खरंच वीज दिसली तर बोलणी चालू असोत वा नसोत, त्याच दिवशी महावितरण आणि पोलिसांना कळवा.

तोवर कपाशीसाठी तुमच्याच हद्दीत, बांधापासून हातभर आत, एक तात्पुरती सरी काढून पाणी नाल्याकडे वळवा. याने तुमचा चरावरचा हक्क जात नाही. अर्जात तेही लिहा, की नुकसान टाळायला स्वखर्चाने एवढं केलं.

राहता राहिला पाइप. तुमच्या फोटोत नाल्याच्या तोंडाशी तीन दगड एकावर एक दिसतात. त्यातल्या वरच्या दगडापासून नाल्याच्या तळापर्यंत किती अंतर आहे ते टेप लावून कळवा, आणि तुमच्या वर आणखी कुणाचं पाणी तुमच्या वावरात उतरतं का तेही. एक फुटी पाइप पुरेल की दीड फुटी लागेल, ते त्यावर सांगतो.